मंजूर रक्कम आणि मधले महिने

मी बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातली. आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरकडे ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परततात. 2022 साली बारावीनंतर सीईटी देऊन पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मला अनुसूचित जाती प्रवर्गातून प्रवेश मिळाला. आमच्या भावकीत पदवीच्या वर्गात बसलेली मी पहिलीच. शासनाच्या योजना नसत्या तर हे शिक्षण झाले नसते, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते काहींना तक्रारीच्या सुरातले वाटेल. मला सांगायचे आहे ते एवढेच की, आमच्यासारख्या घरांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत किती मिळते याहून ती कधी मिळते हे अधिक निर्णायक ठरते. आणि योजनांची माहितीपत्रके रकमेबद्दल तपशीलवार बोलत असली, तरी तारखेबद्दल त्यांत सहसा एक ओळही नसते.

सगळ्याची सुरुवात जात वैधता प्रमाणपत्रापासून झाली. जातीचा दाखला हाती असला तरी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जिल्हा जात पडताळणी समितीचे प्रमाणपत्र लागते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा अशी सोय आहे, आणि आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील एका सरांनी आम्हा मुलींना वर्गात उभे करून तो भरायला लावला, म्हणून मी वाचले. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 ही तारीख मानली जाते. त्याआधीचा, वडिलांकडच्या नात्यातला जातीची नोंद असलेला पुरावा असेल तर प्रकरण सुलभ होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शिकलेले, त्यामुळे त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला, पण तो पुष्कळ नंतरचा. आजोबांनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. ज्या घरात तीन पिढ्यांपूर्वी कोणी शाळेत गेलेच नाही, त्या घराकडे तीन पिढ्यांपूर्वीचा शाळेचा कागद मागितला जातो, यातली विसंगती नियम करणाऱ्यांच्या लक्षात आली नसेल असे मला वाटत नाही. दुसरे साधन त्यांच्याकडेही नसावे.

शेवटी आजोबांच्या चुलतभावाचे नाव सापडले. शेजारच्या मोठ्या गावातील जुन्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत ते होते. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाट उघडून वही बाहेर काढली, तेव्हा पानांच्या कडा कसरीने खाल्लेल्या होत्या आणि शिवण सुटलेली होती. पान उलटताना ते दोन्ही हातांचे तळवे खाली धरून उलटत होते. निजामाच्या राजवटीतील ती नोंद उर्दूत होती. तालुक्याच्या गावी उर्दू शाळेतील एका शिक्षकांनी ती वाचून मराठीत उतरवून दिली आणि त्याचे काहीही घेतले नाही. मग त्या चुलतआजोबांपासून माझ्यापर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर आली. पडताळणी समितीच्या दक्षता पथकाची गृहचौकशी झाली ती ऐन हंगामात, घरी फक्त आजी असताना. आलेल्या साहेबांनी कुलदैवत, सोयरिकी, पूर्वीचा धंदा असे एकेक विचारले आणि आजीने सासरच्या सात-आठ घरांची नावे, कोणाची लेक कुठे दिली यासकट, न अडखळता सांगितली. अहवालात त्याचे काय झाले ते मला कळले नाही, पण प्रमाणपत्र प्रवेशफेरीच्या मुदतीत हाती पडले. आता आमच्या भावकीतल्या पुढच्या मुलांना माझ्या वैधतेचा आधार घेता येतो, आणि त्यांचे काम निम्म्याने हलके होते.

पुण्यात आल्यावर पहिला अर्ज केला तो मागासवर्गीय मुलींच्या शासकीय वसतिगृहासाठी. या वसतिगृहांत राहणे, नाश्ता, दोन वेळचे जेवण आणि थोडा निर्वाह भत्ता अशी सोय असते, आणि प्रवेश गुणवत्तेनुसार होतो. पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलींच्या मानाने जागा फार कमी आहेत. निवड यादीत माझे नाव नव्हते, प्रतीक्षा यादीत खूप खाली होते.

अशा विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. 2016-17 या वर्षापासून ती सुरू झाली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या, महाविद्यालय असलेल्या शहराच्या बाहेरून आलेल्या, कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यावर राहण्याजेवणाचा खर्च जमा करायचा, अशी तिची कल्पना. पुण्यासारख्या शहरासाठी भोजन भत्ता 32,000, निवास भत्ता 20,000 आणि निर्वाह भत्ता 8,000, असे वर्षाला 60,000 रुपये, आणि अभियांत्रिकी व वैद्यकीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्यासाठी आणखी 5,000. वीस हजारांत पुण्यात वर्षभराची कॉट, म्हणजे सामायिक खोलीतली एक खाट, मिळत नाही, हे कोणीही पुणेकर सांगेल. तरीही ही रक्कम आमच्या घरासाठी लहान नव्हती. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन वर्षभर फेडत राहणाऱ्या घराला तिची किंमत नेमकी कळते.

अर्जाला जी कागदपत्रे लागत, त्यांतले सर्वांत अवघड निघाले ते भाड्याने राहत असल्याचा पुरावा. मी कॉट बेसिसवर राहत होते, एका खोलीत चौघी. घरमालकीण बाई स्वभावाने चांगल्या होत्या, परंतु करारनामा म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. कागद झाला की पोलीस पडताळणी आली, सोसायटीला कळवणे आले, मिळकतकराचा प्रश्न आला. ‘तू राहा ना बाळा, पण सही कशाला पाहिजे?’ असे त्या मला दर वेळी प्रेमाने विचारत. पुण्यातील कॉट बेसिसचा बहुतांश व्यवहार असाच तोंडी चालतो, आणि योजना मात्र तो कागदावर आहे असे धरून चालते. आमच्या खोलीतील चौघींपैकी तिघी स्वाधारच्या अर्जदार होत्या. अखेर आम्ही तिघींनी मिळून त्यांच्या मुलाला योजनेचा शासन निर्णय छापून दाखवला, त्यातील अटी वाचून दाखवल्या, आणि त्याने आईची समजूत घातली. करारनाम्याचा आणि नोटरीचा खर्च अर्थातच आमचा. जात, उत्पन्न वगैरे दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क शासनाने माफ केलेले आहे, पण खिडकीवर हे सांगणाऱ्या मुलीला ‘मग तिकडेच जा’ असे उत्तर मिळते. त्यामुळे गरिबीचा दाखला मिळवण्यासाठीही आधी गाठीला थोडे पैसे असावे लागतात.

अर्ज दिला, छाननी झाली, त्रुटी निघाली, ती पूर्ण केली. मंजुरीच्या यादीत नाव आले तेव्हा पहिले सत्र संपत आले होते. यादीत नाव आले म्हणजे पैसे आले असा माझा आणि अण्णांचा समज होता. पैसे येण्यासाठी आधी महाविद्यालयाकडून 75 टक्के उपस्थितीचे प्रमाणपत्र, मग निधीची उपलब्धता, मग देयक, मग कोषागार, असा क्रम असतो, आणि निधी आर्थिक वर्षाच्या हिशोबाने सुटतो. शैक्षणिक वर्ष पावसाळ्यात सुरू होते आणि सरकारी पैसा मार्चच्या आसपास मोकळा होतो. या दोन वर्षांची गाठ पडत नाही आणि त्या मधल्या काळात विद्यार्थ्याने जेवायचे कुठे, हा प्रश्न कोणत्याही रकान्यात बसत नाही. कार्यालयातील ज्या लिपिक बाईंकडे आमचे टेबल होते त्या कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. उलट एकदा त्यांनी स्वतःच्या संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून निधीची मागणी कोणत्या तारखेला वर गेली आहे ते दाखवले. त्यानंतर मी त्यांना विचारायला जाणे बंद केले, कारण त्यांच्या हातात काही नव्हते हे मला दिसले होते.

स्वाधारच्या जोडीला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ही योजना फार जुनी, 1944 पासूनची, आणि आज महाराष्ट्रात तिचे सारे काम महाडीबीटी पोर्टलवर चालते. इथे माझी अडचण वेगळीच होती. माझ्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक अण्णांचा, कारण आधार काढले तेव्हा घरात एकच फोन होता. प्रोफाइल भरताना येणारा ओटीपी त्या फोनवर जाई, आणि तो फोन त्या वेळी एखाद्या उसाच्या फडात, कोपीच्या, म्हणजे तात्पुरत्या झोपडीच्या, मेढीला अडकवलेल्या पिशवीत असे. टोळी पहाटे तोडीला लागते. फोन चार्ज करायचा तर गावातल्या दुकानात ठेवावा लागतो. आम्ही वेळ ठरवली: रात्री जेवणाच्या सुमारास अण्णांनी फोन घेऊन रेंज येईल अशा ठिकाणी उभे राहायचे, मी इकडे सायबर कॅफेत बटण दाबायचे, आणि त्यांनी आकडे वाचून दाखवायचे. अण्णांना मराठी आकडे सहज येतात, इंग्रजी आकड्यांत सहा आणि नऊ यांची गल्लत होते. टोळीतल्या एका मुलाने शेवटी ते काम अंगावर घेतले. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, त्यावरचा बारकोड क्रमांक, हे सर्व जुळून अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला गेला. तिथून तो एकदा ‘सेंड बॅक’ होऊन परत आला, कारण गॅपचे प्रमाणपत्र जोडलेले नव्हते. माझ्या शिक्षणात खंड पडलेलाच नव्हता. महाविद्यालयाने ते मान्य केले आणि अर्ज पुढे पाठवला, पण त्यात मुदतीचा बराच भाग खर्ची पडला.

पैसे सुटले तेव्हा ते माझ्या पुण्यातील खात्यात आलेच नाहीत. थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातेच असे नाही. एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदीत आधारशी ज्या बँकेचे खाते जोडलेले असेल तिथे ती जाते. माझे आधार जोडलेले होते ते शाळेत असताना उघडलेल्या खात्याला, गावाकडच्या शाखेत, आणि ते खाते व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेले होते. ते पुन्हा चालू करण्यासाठी परीक्षेच्या तोंडावर धारूरला जावे लागले. ही माहिती पुढे मी पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला सांगत आले आहे: अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन आधार सीडिंग, म्हणजे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते, तपासा, मोबाइल क्रमांक स्वतःचा जोडा, आणि मगच पोर्टल उघडा.

या शिष्यवृत्तीतील केंद्र आणि राज्य यांचा वाटा आता 60 आणि 40 टक्के असा आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातील शुल्काची रक्कम विद्यार्थ्याने सात दिवसांच्या आत महाविद्यालयात भरायची असते. कागदावर ही व्यवस्था स्वच्छ आहे, मधल्या संस्थांकडून होणारे गैरव्यवहार तिने रोखले जातात. पण जिथे महिनाअखेरीस खात्यात शंभर रुपये उरत नाहीत, त्या खात्यात एके सकाळी शुल्काची मोठी रक्कम येऊन बसते, आणि त्या दिवशी ती घरच्यांनाही कळते, कारण संदेश त्यांच्याच फोनवर जातो. त्याच आठवड्यात आईच्या हाताला कोयता लागून टाके पडले होते. मुकादम नवी उचल द्यायला तयार नव्हता. अण्णांनी फोनवर पैशांचा विषय काढला नाही. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून त्यांनी फक्त ‘ते पैसे कॉलेजात भरले का?’ असे विचारले, आणि मी ‘उद्या भरते’ म्हटल्यावर ‘भर, भर’ म्हणाले. मी ते दुसऱ्या दिवशी भरले. माझ्या ओळखीच्या दोघांनी अशा वेळी ते घरी पाठवले आणि पुढे महाविद्यालयाच्या थकबाकीदारांच्या यादीत त्यांची नावे लागली. त्यांना बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. मला ते जमत नाही.

महाविद्यालयाचे धोरणही समजून घेण्यासारखे होते. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागू नये, असे शासनाचे वारंवारचे आदेश आहेत. प्रवेश देताना ते मागितले गेले नाही, हमीपत्र घेतले गेले. मात्र दुसऱ्या सत्राच्या परीक्षेचा अर्ज भरायच्या वेळी ‘थकबाकी आहे’ म्हणून सूचनाफलकावर आमची नावे लागली. नावे प्रवर्गवार लावलेली नव्हती, पण यादीत कोण आहेत हे पाहणाऱ्याला प्रवर्ग सांगावा लागत नव्हता. आम्ही काही जण प्राचार्यांना भेटलो, पोर्टलवरील मंजुरीची पाने दाखवली, आणि परीक्षा अर्ज स्वीकारले गेले. यादी मात्र तशीच राहिली.

मधले महिने कसे निघाले, हे कोणत्याही अहवालात येणार नाही म्हणून लिहिते. मेसवाल्या काकूंनी दोन महिने वही चालवली. त्यांच्या वहीत शिष्यवृत्तीवाल्या मुलामुलींचे वेगळे पान होते. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होते की हे पैसे बुडत नाहीत, उशिरा येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आमच्या महाविद्यालयातही होती. तिला कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आहे. मी ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे, परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी करण्याचे काम केले. मोबदला तासावर, एकूण रक्कम लहान, पण ती महिन्याच्या महिन्याला येत असे, आणि त्या लहान रकमेवर मी जेवढी निर्धास्त राहिले तेवढी साठ हजारांच्या मंजुरीवर कधी राहिले नाही. समाजकल्याण विभागाच्या पुस्तकपेढी योजनेतून दोन विद्यार्थ्यांमागे पाठ्यपुस्तकांचा एक संच मिळे. माझा संच लातूरच्या एका मुलीबरोबर होता. गणिताचे पुस्तक आठवडा तिच्याकडे, आठवडा माझ्याकडे. पहिल्या सत्रात इंग्रजीतून चाललेले यांत्रिकीचे तास मला कळत नसत, आणि ती अडचण या पुस्तकाच्या आठवड्यांतच थोडीफार सुटली, कारण पुस्तक देताघेताना आम्ही दोघी बसून उदाहरणे सोडवायचो. यासाठी कोणतीही योजना नव्हती. महाविद्यालयात ‘समान संधी केंद्र’ अशी पाटी असलेली खोली होती, परंतु पहिले वर्षभर मी तिचे कुलूपच पाहिले.

या सगळ्यातून जाताना मला कोल्हापूरची वसतिगृहे वारंवार आठवत राहिली. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, मग एकेका जातिधर्माच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली, 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. पुढे साताऱ्यात कर्मवीरांनी 1924 मध्ये छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. या दोघांनीही खेड्यातून आलेल्या मुलाला सर्वांत आधी छप्पर आणि ताट दिले. वसतिगृहात पहिल्या दिवशी संध्याकाळी जेवण मिळते, मग निधी वरून केव्हा का येईना. उशिराचा भार संस्था सोसते. खात्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत तोच भार अठरा वर्षांच्या मुलीवर येतो. रोख मदतीमुळे विद्यार्थ्याला स्वातंत्र्य मिळते, हे मला मान्य आहे. खोली, मेस, परिसर निवडता येतो, वसतिगृहाचे काच नसतात. तरी मला निवड दिली असती तर मी वसतिगृह घेतले असते. ते शक्य नसेल तर निदान स्वाधारचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबर आणि उपस्थितीचा हिशोब पुढच्या हप्त्यांपासून, एवढे झाले तरी मेसवाल्या काकूंचे ते वेगळे पान लागणार नाही.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही काही जणांनी महाविद्यालयाच्या कँटीनजवळच्या ओट्यावर शनिवारी दुपारी इतरांचे अर्ज तपासून द्यायला बसायला सुरुवात केली. समान संधी केंद्राच्या नव्या समन्वयक मॅडमना हे कळले तेव्हा त्यांनी ती कुलूपबंद खोली आम्हाला उघडून दिली, एक संगणक दिला आणि स्कॅनर मिळवून दिला. त्यानंतर अर्जांतल्या ‘सेंड बॅक’ होण्याजोग्या चुका महाविद्यालयातच दुरुस्त होऊ लागल्या, कारण बाबूंकडे जाण्याआधी ते आमच्याकडून तपासून जात. प्रवेशाचा हंगाम आला की त्या खोलीत गर्दी होते, आणि येणाऱ्यांच्या बोलीवरून परभणी, नांदेड, नंदुरबार ओळखता येते. काहींचे कागद पूर्ण असतात आणि धीर नसतो, काहींचे उलट.

माझा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. त्याचा जात पडताळणीचा अर्ज माझ्या वैधता प्रमाणपत्राची प्रत जोडून गेला आहे, आणि अण्णा टोळीबरोबर निघण्याआधी आम्ही त्याच्या आधारला त्याचा स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडून घेतला. माझ्या शेवटच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीतील राज्याचा वाटा अजून यायचा आहे. पोर्टलवर त्याची स्थिती मंजूर अशी दिसते.